वृद्ध घोड्यांस व तट्टांस लस टोचावी काय?

मोटारसायकल व मालमोटार आल्यापासून शेतकऱ्याच्या दारीं घोडा पूर्वीइतका दिसत नाहीं, हें खरें. तथापि मेंढरांमागें गांवोगांव फिरणाऱ्या धनगराचें बिऱ्हाड अद्यापि तट्टाच्या पाठीवरून चालतें. मोटारींस बंदी असलेल्या माथेरानच्या डोंगरावर माणसांची व सामानाची ने-आण घोड्यांवरून होते. तापीकांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीच्या सुमारास आणि नांदेड जिल्ह्यांतील माळेगांव येथें खंडोबाच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. या जनावरांपैकीं पुष्कळशीं मालकाच्या पदरींच म्हातारीं होतात. नीट जोपासना झाल्यास तट्टू पंचवीस-तीस वर्षें जगतें, आणि त्यांतलीं शेवटचीं आठ-दहा वर्षें हलकें काम करून अगर नुसतें दारांत उभें राहून काढतें. अशा जनावरास लस टोचण्याचा खर्च पुढेंहि करीत राहावा, कीं आतां सर्व देवाच्या हवालीं करावें, हा प्रश्न मालकापुढें उभा राहतो. त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. परंतु कोणत्या रीतीनें विचार केला असतां उत्तर चुकणार नाहीं, हें सांगतां येतें. तोच विचार या लेखांत केला आहे.

वृद्ध कोणास म्हणावें?

पशुवैद्य सामान्यतः पंधरा वर्षांपुढील घोड्यास वयस्क समजूं लागतात, व वीस वर्षांपुढील घोड्यास वृद्ध म्हणतात. परंतु नुसतीं वर्षें मोजून भागत नाहीं. एखादें वीस वर्षांचें तट्टू अंगानें भरलेलें, दाणा नीट चावणारें व चालीला मोकळें असतें. उलट सोळा वर्षांच्या एखाद्या घोड्याच्या दाढा झिजून चाऱ्याचे चघळलेले बोळे तोंडांतून गळत असतात, पाठीचा कणा वर आलेला असतो, व सांधे धरलेले असतात. म्हणून वयाबरोबर अंगाची स्थितिहि पाहिली पाहिजे.

वय वाढलें म्हणजे शरीराची रोगप्रतिकारक शक्ति मंदावते, हें शास्त्रज्ञांनीं घोड्यांवरहि पडताळून पाहिलें आहे. वीस वर्षांपुढील निरोगी घोड्यांस इन्फ्लुएंझाची लस टोचली असतां त्यांच्या रक्तांत प्रतिकारक द्रव्यें तयार होतात खरीं, पण तरुण घोड्यांत होते तितकी त्यांची वाढ होत नाहीं. पिसाळरोगाची लस मात्र अशा घोड्यांस प्रथमच टोचली तरी तरुणांच्या बरोबरीनें लागू पडते, असें दिसून आलें आहे. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. एक, म्हाताऱ्या घोड्यास टोचलेली लस वायां जाते हा समज खोटा आहे. दुसरी, सर्व लसी म्हाताऱ्याच्या अंगांत सारख्याच लागू पडत नाहींत. म्हणून लशीच्या जोडीला इतरहि जपणूक हवी.

मालक देतात तीं कारणें

लस थांबविणारे मालक बहुधा चार कारणें सांगतात. इतकीं वर्षें टोचलें, आतां अंगांत शक्ति पुरेशी सांठली असेल, हें पहिलें. जनावर आतां बाजाराला किंवा जत्रेला जात नाहीं, मग त्याला रोग कोठून लागणार, हें दुसरें. म्हातारपणीं सुई सोसवणार नाहीं, हें तिसरें. आणि जनावराची किंमतच राहिली नाहीं, मग लशीवर पैसा कां घालावा, हें चौथें.

या कारणांची टवाळी करूं नये. प्रत्येकांत थोडें तथ्य आहे. धनुर्वाताच्या लशीचा गुण अंगांत वर्षानुवर्षें टिकतो, हें खरें. पण इन्फ्लुएंझाच्या लशीचा गुण कांहीं महिन्यांतच उतरूं लागतो. घरीं राहणाऱ्या जनावरास परक्या घोड्यांचा संसर्ग कमी होतो, हेंहि खरें; पण सर्वच रोग परक्या घोड्यांपासून येत नाहींत. तात्पर्य, हीं कारणें एका रोगास लागू पडतात व दुसऱ्यास पडत नाहींत. म्हणून "लस टोचावी काय?" असा एकच प्रश्न न करतां, "हा अमुक रोग माझ्या जनावरापर्यंत कोणत्या वाटेनें पोंचेल?" असा प्रश्न रोगागणिक करावा. ती वाट म्हातारपणानें बंद झाली असेल तर लस थांबविण्याचा विचार करतां येईल. ती उघडीच असेल तर वयाकडे बोट दाखवून लस थांबवितां येणार नाहीं.

धनुर्वात

या रोगाची वाट जमिनींतून येते. त्याचे जंतु मातींत व खुद्द घोड्याच्या लिदींत असतात, आणि त्यांचीं बीजें ऊन-पावसांत वर्षानुवर्षें टिकतात. खुरांत खिळा रुतला, नालबंदीच्या वेळीं खिळा जिवास लागला, कुंपणाच्या तारेनें पाय फाटला, अगर खुरांत गळूं झालें, म्हणजे जंतूंना दार मिळतें. जखम वरून मिटून आंत हवा पोंचेनाशी झाली, कीं ते वाढतात व जें विष सोडतात तें मज्जातंतूंना ग्रासतें. बहुधा एक ते तीन आठवड्यांनीं लक्षणें दिसूं लागतात. पाय लाकडी घोड्यासारखे ताठ होतात, शेपूट उचललेली राहते, कान ताठरतात, नाकपुड्या फुलतात, डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्यांतून पांढुरका पडदा बुबुळावर येतो, आणि शेवटीं जबडा मिटून चारा-पाणी बंद होतें. लहानशा आवाजानेंहि जनावर दचकून आंखडतें. उपचार करूनहि निम्म्याहून अधिक घोडे यांत दगावतात.

बैलाच्या जखमेच्या अंदाजानें घोड्याच्या जखमेचा विचार करूं नये. धनुर्वाताच्या विषापुढें गाय-बैल बरेच टिकाव धरतात. घोडा मात्र पाळीव जनावरांत त्यास सर्वांत लवकर बळी पडतो.

आतां पाहावें कीं, म्हातारपणानें ही वाट बंद होते काय? मुळींच नाहीं. दारांत बांधलेल्या तट्टाच्या पायाखालींहि तीच माती व तीच लीद असते. वृद्ध घोडा ठेंचकाळतो अधिक, त्याच्या खुरांचे विकार वाढतात, आणि जखमा सावकाश भरतात. शिवाय हा रोग एका जनावरापासून दुसऱ्यास लागत नाहीं. म्हणून शेजारच्या दहा घोड्यांस लस टोचलेली असली, तरी त्याचा या अकराव्यास काडीचा उपयोग नाहीं. ज्याच्या अंगांत लस, त्याचेंच रक्षण.

म्हणून धनुर्वाताची लस वृद्ध घोड्याची कधींहि सोडूं नये. पूर्वीं कधींच टोचली नसेल, तर चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानें दोन वेळां टोचून घ्यावी, आणि एक वर्षानें पुन्हां टोचावी. पुढील मुदत लशीच्या पत्रकाप्रमाणें व पशुवैद्याच्या सल्ल्यानें ठरते. ती बहुधा एक ते तीन वर्षांची असते. जनावर फार अशक्त असेल तर वर्षाऐवजीं लांबची मुदत धरण्यास पशुवैद्य संमति देऊं शकतो. खर्च व त्रास वांचविण्याचा योग्य मार्ग हाच. लस अजीबात बंद करणें हा नव्हे.

लस न टोचलेल्या जनावरास जखम झाली, तर पशुवैद्य धनुर्वातविरोधी रक्तजल टोचतो. त्याचा गुण तत्काळ येतो, पण दोन-तीन आठवड्यांतच ओसरतो, आणि क्वचित् त्यापासून प्रौढ घोड्यांस यकृताचा दुर्धर रोग जडतो. दक्षिण आफ्रिकेंतील आर्नोल्ड थीलर या पशुवैद्यानें अशा रोगाचें वर्णन शंभर वर्षांपूर्वींच करून ठेविलें आहे. म्हणजे लस टाळून रक्तजलावर भरंवसा ठेवणें हें स्वस्तहि नाहीं व निर्धास्तहि नाहीं.

पिसाळरोग

या रोगाची वाट आपल्या देशांत मुख्यतः कुत्र्याच्या दांतांतून येते. घरचें कुत्रें, गांवांतलें मोकाट कुत्रें, मेंढवाड्याभोंवतीं घुटमळणारा कोल्हा, यांपैकीं कोणीहि रात्रीं येऊन चावून जाईल व मालकास पत्ताहि लागणार नाहीं. तरुण घोडा लाथ मारून अगर पळून सुटूं शकतो. दावणीला बांधलेलें, दृष्टि मंद झालेलें म्हातारें तट्टू तें करूं शकत नाहीं.

या रोगाचा विचार करतांना एक गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. घोड्याचा पिसाळरोग पुष्कळदां पिसाळल्यासारखा दिसत नाहीं. आरंभीं एखादा पाय लंगडतो, पोटशूळासारखें जनावर लोळतें, अगर घांस गिळतां येत नाहीं व तोंडांतून लाळ गळते. म्हाताऱ्या घोड्यांत लंगडणें, पोट दुखणें व दांतांमुळें चारा अडकणें हीं नेहमींचींच दुखणीं असल्यामुळें मालकास शंका येत नाहीं. घशांत कांहीं अडकलें असेल म्हणून तो हात तोंडांत घालतो, आणि हातावर ओरखडा असेल तर रोग माणसास लागतो. एकदां लक्षणें दिसूं लागलीं म्हणजे जनावरास उपाय उरत नाहीं; माणसाच्या बाबतींतहि त्यानंतर वांचण्याची आशा जवळजवळ नसतेच.

यावरून चौथ्या कारणाचें, म्हणजे किंमतीचें, उत्तर मिळतें. ही लस टोचतांना तट्टाची बाजारांतील किंमत पाहूं नये; त्याच्या तोंडापाशीं रोज हात नेणाऱ्या घरच्या माणसांची किंमत पाहावी. जेथें मोकाट कुत्र्यांचा सुळसुळाट आहे तेथें ही लस दरवर्षीं टोचावी. कुत्रें चावल्याचें दिसलें, तर जखम साबण व वाहतें पाणी यांनीं पंधरा मिनिटें धुवावी, हात उघडे ठेवूं नयेत, आणि त्याच दिवशीं पशुवैद्यास गांठून चावल्यानंतरच्या लशीचा क्रम सुरू करावा. लाळ माणसाच्या जखमेस लागली असल्यास त्यानेंहि विलंब न लावतां दवाखान्यांत जावें.

इन्फ्लुएंझा

हा घोड्यांचा सांसर्गिक खोकला होय. याची वाट हवेंतून व परक्या घोड्याच्या खोकल्यांतून येते. संसर्गानंतर एक ते तीन दिवसांतच ताप चढतो, कोरडा खोकला सुटतो, नाक वाहूं लागतें. निरोगी घोड्याच्या अंगाची उष्णता ९९ ते १०१ अंशांपर्यंत असते. या रोगांत ती १०५-१०६ अंशांपर्यंत जाते. तरुण जनावर विश्रांतीनें बरें होतें; वृद्धाच्या छातींत मात्र रोग उतरून फुप्फुसांचा दाह होण्याचें भय असतें. आपल्या देशांत १९८७ सालीं या रोगाची मोठी सांथ आली होती. पुढें २००८ च्या जून महिन्यांत जम्मूंतील कटरा येथें, वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंची ने-आण करणाऱ्या जनावरांच्या वस्तींत, रोग पुन्हां उद्भवला व तेथून अनेक प्रांतांत पसरला. जेथें भाड्याचीं जनावरें दाटीनें राहतात तेथें तो किती झपाट्यानें फैलावतो, हें त्यावेळीं दिसून आलें. हिसार येथील राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रानें या रोगाच्या निदानाचें व लशीचें काम केलें आहे.

हवेंतून येणाऱ्या या रोगाची वाट म्हातारपणीं खरोखरच अरुंद होऊं शकते. एकाकी मळ्यावर राहणाऱ्या, परका घोडा कधीं न पाहणाऱ्या तट्टास ही लस न टोचली तरी चालेल. पण त्याच दावणींतला दुसरा घोडा जत्रेला, शर्यतीला अगर लग्नाच्या वरातीला जात असेल, तर रोग त्याच्या नाकांतून घरीं येतो. अशा वेळीं म्हाताऱ्यास लस टोचावीच. परंतु त्याच्या अंगांत ती कमी लागू पडते, हें वर सांगितलेंच आहे. म्हणून बाहेर जाणाऱ्या तरुण घोड्यास लस टोचणें हेंच म्हाताऱ्याचें खरें संरक्षण होय. धनुर्वाताच्या अगदीं उलट असा हा प्रकार आहे. शिवाय जत्रेहून आलेला अगर नवा विकत घेतलेला घोडा निदान दोन ते तीन आठवडे निराळा बांधावा, व त्याची बादली आणि तोबरा वेगळा ठेवावा. यास कांहींच खर्च येत नाहीं.

ज्या रोगांस लशीचा प्रश्नच नाहीं

लस टोचली म्हणजे सर्व रोगांपासून जनावर मुक्त झालें, असें समजूं नये. ग्लँडर्स या रोगावर लस नाहीं. २००६ सालीं तो महाराष्ट्रांत पुन्हां आढळला होता. नाकांतून चिकट घाण वाहणें व कातडीवर गांठी फुटणें हीं त्याचीं लक्षणें होत. हा रोग माणसासहि लागतो, म्हणून संशय येतांच सरकारी पशुवैद्यास वर्दी द्यावी. कायद्यानेंहि ती द्यावीच लागते. माश्यांच्या चावण्यानें पसरणाऱ्या सर्रा रोगासहि लस नाहीं; त्यास औषध आहे, पण तें वेळेवर मिळालें पाहिजे. उलट, आफ्रिकन अश्वरोग १९६० सालीं आपल्या देशांत शिरला, तेव्हां घोड्यांस मोठ्या प्रमाणावर लस टोचावी लागली होती. आज तो रोग देशांत नाहीं, म्हणून त्याची लस टोचण्याचें कारणहि नाहीं. वाट असेल तेथें लस, वाट नसेल तेथें नाहीं, या नियमाचेंच हें उदाहरण आहे.

अशक्त व आजारी जनावर

तिसरें कारण, म्हणजे सुई सोसण्याचें, येथें विचारांत घेऊं. लस टोचल्यावर मानेवर थोडी सूज येणें, एक-दोन दिवस कसर वाटणें, दाणा कमी खाणें, इतका त्रास होऊं शकतो, व तो बहुधा आपोआप ओसरतो. ताप असतांना, खुरांचा दाह जोरांत असतांना, अगर दुसरें तीव्र दुखणें चालूं असतांना लस टोचूं नये. जनावर सांवरेपर्यंत थांबावें. पूर्वीं लशीनें अंगावर गांधी उठल्या असतील अगर धाप लागली असेल, तर तें पशुवैद्यास आधीं सांगावें.

कांहीं वृद्ध घोड्यांचे केंस उन्हाळ्यांतहि लांब व कुरळे राहतात, पाणी फार लागतें, पाठीचें मांस झडतें व खुरें वारंवार दुखतात. हें निव्वळ म्हातारपण नसून मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका लहान ग्रंथीचा विकार असतो. अशा जनावरास इतर रोग लवकर जडतात. म्हणून त्यास लशींतून वगळावें असें नाहीं, तर अधिक जपून टोचावें.

टोचण्यापूर्वीं दाढा तपासून घ्याव्या व जंतांचें औषध द्यावें. उपाशी व जंतांनीं पोखरलेल्या शरीरांत लस चांगली लागू पडत नाहीं. सर्व लसी एकाच दिवशीं न टोचतां कांहीं दिवसांच्या अंतरानें टोचाव्या. मानेवर मांस उरलें नसेल, तर पशुवैद्य दुसरी जागा निवडतो. टोचल्यावर दोन-तीन दिवस काम देऊं नये, व मान आंखडल्यास खालीं वांकावें लागूं नये म्हणून चारा-पाणी उंचावर ठेवावें. तट्टू लहान म्हणून अर्धीच लस टोचा, असा आग्रह पुष्कळजण धरतात; तो चुकीचा आहे. औषधाचें प्रमाण वजनावर असतें, लशीचें तसें नसतें. तट्टास व मोठ्या घोड्यास लस सारखीच लागते. लस २ ते ८ अंश सेल्सिअस इतक्या गारव्यांत राहिली पाहिजे. उन्हांत खिशांत घालून आणलेली अगर बर्फांत गोठलेली लस टोचणें म्हणजे पाणी टोचण्यासारखेंच आहे. तारीख व लशीचें नांव वहींत लिहून ठेवावें.

तीन उदाहरणें

वरील विचार कसा लागू करावा, हें तीन नमुन्यांवरून स्पष्ट होईल.

पहिलें जनावर बावीस वर्षांचें, मळ्यावर एकटें असणारें, अंगानें बरें. यास धनुर्वाताची लस मुदतीप्रमाणें टोचावी व पिसाळरोगाची दरवर्षीं टोचावी. इन्फ्लुएंझाची सोडली तरी चालेल.

दुसरें अठरा वर्षांचें, डोंगरावरील गांवीं अद्यापि भाड्यानें चालणारें, शेंकडों परक्या घोड्यांत वावरणारें. यास तिन्ही लसी टोचाव्या, आणि इन्फ्लुएंझाची सहा महिने ते एक वर्ष या मुदतींत चुकवूं नये. येथें एका मालकाची हयगय साऱ्या तळावरील मालकांची कमाई बुडवूं शकते.

तिसरें अठ्ठावीस वर्षांचें, हाडें वर आलेलें, उठतांना आधार लागणारें. हें जनावर पुढचा पावसाळा पाहील काय, याचा पशुवैद्याशीं मोकळेपणानें विचार करावा. अंत आठवड्यांवर आला असेल तर सुईची पीडा देऊं नये. मऊ चारा, कोरडी जागा व जखमांची जपणूक एवढेंच करावें. परंतु तें वर्ष-दोन वर्षें काढील असें दिसत असेल, तर धनुर्वात व पिसाळरोग यांच्या लसी त्यासहि टोचाव्या.

सारांश

वय हें लस थांबविण्याचें कारण नव्हे. रोगाची वाट बंद होणें हेंच एक कारण होय. मातीची वाट मरेपर्यंत बंद होत नाहीं, म्हणून धनुर्वाताची लस कधीं सोडूं नये. कुत्र्याची वाट आपल्या गांवांत उघडी आहे व ती माणसांपर्यंत जाते, म्हणून पिसाळरोगाची लस चुकवूं नये. परक्या घोड्याची वाट मालकाच्या हातीं आहे. ती बंद ठेवतां आली तर इन्फ्लुएंझाची लस सोडतां येईल, नाहीं तर टोचावी. दिवाळीनंतर, जत्रांचे दिवस सुरू होण्यापूर्वींच, मालकांनीं आपली वही काढून शेवटची तारीख पाहावी व जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशीं दिवस ठरवावा. गांवांतले चार-सहा मालक एकत्र आल्यास पशुवैद्याची एकच फेरी सर्वांस पुरते व खर्चहि वांटला जातो. ज्या जनावरानें वीस वर्षें पाठीवर ओझें वाहिलें, त्याच्यासाठीं वर्षांतून एक सकाळ काढणें कोणासहि जड जाऊं नये.